दुसऱ्या कुणाचा डबा

चौफुल्यावर शिरूरकडं जाणारी एसटी थांबली की सावळाराम आबा गाडीत चढायचे नाहीत. दारातून हात वर करून कंडक्टरकडं एक गाठोडं तेवढं द्यायचे आणि म्हणायचे, "स्टँडवर ज्ञानूच्या हाटेलात. विशूचा डबा." कंडक्टर मान हलवायचा, दोरी ओढायचा, गाडी निघायची. धुरळा खाली बसेपर्यंत आबा तिथंच उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, डबा नव्हे, पोरगाच गाडीत बसवून दिलाय.

एसटीनं डबा धाडणं आपल्याकडं काही नवं नाही. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच जातात-येतात. त्यांना तिकीट नसतं आणि ते सहसा हरवतही नाहीत. विश्वजीत शिकायला नव्हता, एवढाच फरक. डिप्लोमा करून तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला होता आणि शिरूरला रविराज नावाच्या पोराबरोबर खोली घेऊन राहत होता. आता त्याचं गाव खुटबाव, तिथून शिरूर म्हणजे काही परमुलूख नव्हे. चौफुला, पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरा, की आलंच शिरूर. पण पोरगं घरापासून किती लांब गेलंय हे रस्त्यावरून थोडंच कळतं? पहिल्या दिवाळीला तो घरी गेला होता. पुढं शिफ्ट आली, ओव्हरटाइम आला, ऑडिट आलं. कारणांना काय तोटा?

पोरगं येत नाही म्हणून डबा जायचा, एक दिवसाआड. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कधी भरीत, कधी घट्ट पिठलं. डबा स्टीलचा होता. त्याच्या झाकणावर आईनं, म्हणजे मुक्ताबाईनं, केडगावच्या बाजारात भांडेवाल्यापुढं उभं राहून नाव कोरून घेतलं होतं : चि. विश्वजीत. भांडेवाल्याचा हात हलला होता आणि शेवटचं अक्षर जरा तिरकं गेलं होतं. डब्याभोवती आबांच्या जुन्या पटक्याचं लाल फडकं असायचं. आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती. ती कधीच गेली, पण घोंगड्या राहिल्या होत्या आणि त्या घोंगड्यांच्या घडीतच ते फडकं ठेवलेलं असायचं. त्यामुळं डबा उघडण्याआधी लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा.

त्या घराची एक रीत होती. कुणाचंही भांडं तिथून रिकामं परत जायचं नाही. शेजारणीच्या वाटीतून कालवण आलं, तर जाताना त्या वाटीत आणखी काही नाही तरी चिमूटभर साखर जायचीच. "रिकामं भांडं दिलं म्हंजी आपलं-तुपलं संपलं," असं मुक्ताबाई म्हणायची. विशूला हे लहानपणापासून माहीत होतं. पहिले काही महिने तो परतीच्या डब्यात आठवणीनं काहीतरी घालायचा. कधी चॉकलेट, कधी बिस्किटाचा पुडा, कधी स्टँडवरचे पेरू. त्या चॉकलेटचे कागद मुक्ताबाईनं देव्हाऱ्यातल्या डबीत घडी करून ठेवले होते.

मग हळूहळू त्याला लाज वाटायला लागली.

कशाची, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. रविराज एकदा नाक उडवून एवढंच म्हणाला होता, "अरे, खोलीत बकरी बांधलीस का काय?" दोघं हसले होते, विशू जरा जास्तच मोठ्यानं हसला होता. त्या दिवसापासून तो डबा खोलीवर नेईना. मेसचं जेवायचा आणि डब्यातली भाकरी स्टँडमागच्या कुत्र्यांपुढं टाकायचा. कुत्री खायची तेव्हा तो दुसरीकडं बघायचा. डबा तसाच खरकटा ज्ञानूकडं द्यायचा, ज्ञानूच विसळायचा आणि परतीच्या गाडीत ठेवायचा. आत काही नाही.

मुक्ताबाई कधी काही बोलली नाही. एकदाच फोनवर म्हणाली, "डबा रिकामाच आला रं बाळा..." त्या वेळी विशू कंपनीच्या कँटीनमध्ये होता, आजूबाजूला माणसं होती. तो म्हणाला, "हो, बरोबर. बघतो मी. नंतर फोन करतो तुम्हाला." चारचौघांत आईचा फोन आला की तो हे असं बोलायचा, समोर कुणी सप्लायर असावा तसा. आई फोन ठेवून आबांना सांगायची, "सायबावानी बोलतो आपला विशू." तिला त्याचं कौतुकच वाटायचं आणि हे विशूला ठाऊक होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचे कान गरम व्हायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सकाळी शिफ्टची गाडी आली की ते विसरून जायचा.

तर थंडीच्या दिवसांतली गोष्ट. पाटसला कारखाना सुरू होता, न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं चालल्या होत्या. पहिली शिफ्ट सुटली. कंपनीच्या गाडीनं स्टँडपाशी सोडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच क्वालिटीतली अनुपमा विशूला म्हणाली, "चहा घ्यायचा?" ती पुण्याची होती, नीटनेटकी, कमी बोलणारी. विशू तिला ज्ञानूच्या हॉटेलात घेऊन गेला. दुसरीकडं न्यायला हवं होतं, पण त्या क्षणी डोकं कुठं चालतंय? दोघं बसतात न बसतात तोच गल्ल्यामागून ज्ञानूनं लाल गाठोडं उचललं आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं ओरडला,

"विशूभाऊ, आईचा डबा आलाय! आज ठेचा दिसतोय, वास सुटलाय नुसता."

अनुपमानं वळून पाहिलं. लाल फडकं, त्याला पडलेला तेलाचा डाग. वास टेबलापर्यंत आलाच होता. ती हसली. तिचं हसणं वाईट नव्हतं, हे पुढं किती तरी वेळा विशूच्या मनात आलं. पण त्या वेळी त्याच्या तोंडून शब्द निघून गेले,

"माझा नाही तो."

ज्ञानू बघतच राहिला. "अहो, नाव हाय की झाकणावर."

"माझा नाही म्हटलं ना," विशू म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

ज्ञानूनं गाठोडं फळीवर ठेवलं. चहा आला, तो पिऊन झाला. अनुपमा काय बोलली ते विशूला नंतर आठवेना. उठताना त्याची नजर फळीकडं गेली. आईनं फडक्याला मारलेली गाठ नेहमीसारखी घट्ट होती. अनुपमाला रिक्षात बसवून परत यायचं आणि डबा घ्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. रिक्षा गेली. तो तिथंच रस्त्याकडेला उभा राहिला, आणि मग ज्ञानूला तोंड दाखवायची हिंमत होईना म्हणून उलट्या दिशेनं खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. रविराज खोलीत नव्हता, म्हणून त्यानं नीट उचलला. आईचा आवाज इतका आनंदी होता की त्याला आधी कुणाचं लग्न ठरलं की काय असं वाटलं.

"डबा घावला रं. किती सोच्छ घासून धाडलास! आन् साखर घातलीस... लई दिसांनी."

"साखर?"

"चिमूटभरच हुती, पर मला पावली. आबांच्याबी हातावर ठिवली मी."

ज्ञानूनं घातली असणार, विशूनं स्वतःची समजूत घातली. भला माणूस आहे, त्यानं आपली लाज राखली. खरं सांगायचं तर त्याचा जीव भांड्यात पडला. इथवर ठीक होतं. पण माणसाची लाज एकदा परस्पर निभावली गेली की त्याला त्याची चटक लागते. विशू पुढच्या डब्याला गेलाच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आणि आईचे फोन येत राहिले. आज गूळ घातलास, आज लिंबू घातलंस, आज डबा चाटून-पुसून खाल्लास बग. प्रत्येक वेळी तो "हं" म्हणायचा. त्या "हं"ची त्याला लाज वाटायची आणि तरीही तो म्हणायचाच.

मग एके दिवशी आईचा आवाज निराळा आला. ती हळू बोलत होती.

"विशू... बोरं कुठनं आणली रं?"

"कसली बोरं?"

"डब्यात धाडलीस ती. आपल्या बांधावरल्या बोरीची हायती. ती लांबुळकी, बुडाला तांबूस... मला वळखू येत न्हाई व्हय? तू लहान हुतास तवा खिसं भरून आनायचास." ती थांबली. "पर ती बोर तर आबांनी कवाच तोडली की रं..."

ती बोर तोडली तेव्हा विशू दिवसभर रडला होता. बांधावर नुसतं खोड राहिलं होतं, आणि पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा बांधही गेला. ज्ञानूला त्या बोरीचं काय माहीत?

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो ज्ञानूकडं गेला. गल्ल्यापाशी उभा राहून, इकडंतिकडं बघत, त्यानं विचारलं, "माझ्या डब्याचं तुम्ही काय करता?"

"म्हंजी?"

"कोण खातं तो?"

ज्ञानू हसला. मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून हसायचा थांबला. "तुमीच की."

"मी?"

"त्या दिशी पोरीसमोर न्हाई म्हनालात. मला वंगाळ वाटलं, खोटं कशाला बोलू. पर घटकाभरानं आलात आन् म्हनालात, डबा द्या ज्ञानूदा, माझाच हाय. तवापासनं दर टायमाला येताय. त्या कडंच्या बाकड्यावर बसून शेवटच्या घासापतुर खाताय. सोता नळावर जाऊन घासताय." ज्ञानूनं आवाज खाली आणला. "एक सांगू का... त्या टायमाला तुमी गावाकडलं बोलता. बरं वाटतं ऐकाया. आत्ता हे असं बोलता, तर दुसराच कुनीतरी वाटतो."

विशूच्या अंगावर सरसरून काटा आला. पण दिवसाउजेडी, एसटी स्टँडवर, शेंगदाणेवाला ओरडत असताना माणूस भीती कबूल करत नाही. कुणीतरी भामटा फुकटचं जेवण उपटतोय, असं त्यानं ठरवलं. "उद्या तो आला की मी बघतो," तो म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाला डबा द्यायचा नाही."

"तुमालाच देतो की," ज्ञानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विशू समोरच्या लिंबाखाली मोटारसायकलींच्या आडोशाला उभा राहिला. ऊन उतरलं होतं. कुठल्याशा ट्रॉलीतून सांडलेल्या उसाचा आंबूस वास हवेत होता. चौफुल्याची गाडी आली. कंडक्टरनं लाल गाठोडं ज्ञानूच्या हातात दिलं, ज्ञानूनं फळीवर ठेवलं. बाकडं रिकामं होतं. विशूनं त्याच्यावरची नजर हलू दिली नाही.

मध्ये पुण्याची गाडी येऊन उभी राहिली. लोक चढले, कुणाचं तरी पोतं अडकलं, भांडण झालं. गाडी हलली, तेव्हा बाकड्यावर एक माणूस पाठमोरा बसलेला होता.

स्वतःची पाठ माणसाला कुठं ओळखू येते? न्हाव्यानं मागून आरसा धरला की तेवढीच काय ती दिसते. पण अंगातला तो तपकिरी स्वेटर विशूनं ओळखला. त्याच्या कोपराला आईनं वेगळ्याच रंगाच्या लोकरीनं रफू केलं होतं. त्या रफूची लाज वाटून त्यानं तो स्वेटर दिवाळीत घरीच टाकला होता. माणूस मान खाली घालून सावकाश, मन लावून जेवत होता. एका हातानं भाकरी मोडायची, ठेच्याला लावायची, घास तोंडात घालायचा. भुकेलं माणूस जेवतं तसं नव्हे. लांबून घरी आलेलं पोरगं जेवतं तसं.

विशू रस्ता ओलांडायला निघाला. एक ट्रॉली आडवी आली, तिच्या मागं दुसरी. ती जाईपर्यंत तो उभा राहिला, मग धावत गेला.

बाकड्यावर कुणी नव्हतं. फळकुटाला हात लावला तर ते उबदार होतं. लोकरीचा आणि धुराचा वास तिथं दाटून राहिला होता, डब्याच्या फडक्याला यायचा त्याहून किती तरी जास्त. नळाखाली ओला डाग, आणि गल्ल्यावर घासलेला डबा, फडक्यात नीट बांधलेला.

"झालं का?" ज्ञानू कपबश्या विसळत म्हणाला, मान वर न करता. "ठेचा तिखट हुता म्हनालात, पानी देऊ का अजून?"

विशूनं गाठ सोडायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आत काय घातलंय ते बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

त्या रविवारी तो घरी निघाला. आईला फोन केला होता, पण प्रत्येक वेळी तिचा फोन दुसऱ्या कॉलवर. कितीही वेळानं लावा, ती कुणाशी तरी बोलतच होती. गाडीत त्यानं मनाशी सगळं जुळवलं. आईच्या पायावर डोकं ठेवायचं. कुत्र्यांपुढं टाकलेल्या भाकरीचं सांगायचं. हॉटेलात काय बोललो तेही सांगायचं. ती रागावणार नाही, आणि तेच सोसणार नाही, पण सांगायचंच. पारगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा नदीवर धुकं उतरायला लागलं होतं. चौफुल्याला उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घरासाठी काहीच आणलेलं नाही. रिकाम्या हातानंच आलोय.

तो खुटबावात पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि लाइट गेलेली होती. घरांच्या आकृत्याच तेवढ्या दिसत होत्या. अंगणात पाय टाकला आणि कुत्रं भुंकत अंगावर आलं. त्याच्याच हातची भाकरी खाऊन मोठं झालेलं कुत्रं ते. त्यानं नावानं हाक मारली, तरी ते गुरगुरत मागं मागं सरत राहिलं.

"कोन हाय?" उंबऱ्यातून आईचा आवाज आला.

त्यानं तोंड उघडलं. 'आई' हा शब्द ओठांवर आला, पण त्याच वेळी घरातून एक आवाज त्याच्या कानावर पडला आणि शब्द तिथंच राहिला. आत कुणीतरी जेवत होतं. भाकरी मोडल्याचा आवाज, पितळी सरकवल्याचा आवाज, पाण्याचा एक घोट.

"मी... शिरूरहून आलोय," तो म्हणाला.

"आगं बया, कंपनीतलं व्हय! या की. लाइट न्हाई बगा." मुक्ताबाई पुढं आली. तिनं मोबाइलची बॅटरी लावून त्याच्या तोंडावर धरली. उजेडामागं तिचा चेहरा त्याला अर्धाच दिसत होता. ती त्याच्याकडं बघत होती, नीट, वरपासून खालपर्यंत. बाजारात अनोळखी माणसाकडं बघावं तसं. "विशू आत्ताच जेवाया बसलाय. दर आयतवारी येतो. तुमीबी बसा."

अर्धवट उघड्या दारातून चार्जिंगच्या दिव्याचा उजेड दिसत होता. खांबाला लागून, जिथं तो लहानपणापासून बसायचा तिथंच, कुणीतरी पाठ करून बसलं होतं. तपकिरी स्वेटर. पलीकडं आबांची खोकल्याची ढास.

"आई..." आता तो बोलला. "आई, मी विशू. मी हाय गं..."

किती तरी महिन्यांनी त्याच्या तोंडून 'हाय' निघालं होतं.

मुक्ताबाई आणखी एक पाऊल जवळ आली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि क्षणभर, फक्त एक क्षणभर, तिच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवतंय आणि सापडत नाही अशी. मग तिच्या चेहऱ्यावर कणव आली. परक्याच्या पोराची वाटावी तशी कणव.

"असं का म्हनताय, पाव्हनं? बरं न्हाई का तुमाला?" तिनं मान मागं वळवली. "विशू... जरा बग की रं. वळखतोस का ह्यांना?"

आतला चघळण्याचा आवाज थांबला.

कुत्रंही गप्प झालं. आणि मग विशूला स्वतःचा आवाज ऐकू आला. शांत, घरचा, जराही लाज नसलेला.

"न्हाई, आई. दुसऱ्या कुनाचा तरी असंल."

त्यानंतर विशू काय बोलला, बोलला की नाही, त्याला सांगता येणार नाही. मुक्ताबाईनं त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. ताट वाढते म्हणाली, त्यानं मान हलवली. मग तिनं भाकरी-चटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्याच्या हातात दिली. "डब्यात दिली असती, पर डबा विशूचा हाय," ती ओशाळून म्हणाली.

आबांनी त्याला मोटारसायकलवरून चौफुल्याला सोडलं. त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीचा वास विशूच्या नाकात जात होता आणि आज तो त्याला पुरत नव्हता. गाडी येताना दिसली तेव्हा आबांनी विचारलं,

"घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"आई... आन् आबा."

"मग जात जावा अधनंमधनं," आबा म्हणाले. "डोळं लावून बसत्यात वो, मानसं."

गाडीत चढून त्यानं मागच्या काचेतून पाहिलं. आबा थांबले नव्हते. मोटारसायकल वळवून ते निघून गेले होते.

शिरूरला मात्र सगळं जसंच्या तसं होतं. कंपनीच्या गेटवर कार्ड लागलं, सुपरवायझर नावानं ओरडला, रविराजनं त्याचा टॉवेल वापरून ओला टाकला होता. अनुपमा आपणहून बोलायला आली. आईचा फोन आता कधीच येत नव्हता. खोलीत लोकरीचा वास येत नव्हता. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मेसच्या ताटापुढं बसलं की घास फिरायचा.

तो स्टँडवरून जाताना मान खाली घालून जायचा. एका संध्याकाळी ज्ञानूनंच हाक मारली, "ओ पाव्हनं, थांबा जरा!" पूर्वीचं 'विशूभाऊ' आता त्याच्या तोंडी नव्हतं. त्यानं फळीवरून लाल फडक्यातला डबा काढला. "विशूभाऊंनी तुमच्यासाठी ठिवलाय. आईनं त्यांना नवा घेतला म्हने. म्हनाले, हा ज्याचा हाय त्याला परत द्या."

विशूनं तिथंच, त्या कडेच्या बाकड्यावर बसून, गाठ सोडली. डबा लखलखीत घासलेला होता. झाकणावर त्यानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तिरक्या अक्षराची जागा त्याच्या बोटाला पाठ होती. तिथं काही नव्हतं. स्टील गुळगुळीत होतं, कधी कुणी त्याला छिन्नी लावलीच नसावी असं.

निदान आत तरी काही असू नये, असं त्याला मनापासून वाटलं. रिकामा असू दे. रिकामा असला तर संपलं, मग जे काही घेऊन गेला ते त्याचं, आणि ही खोली, ही नोकरी, हे उरलेलं नाव तरी आपलं.

त्यानं झाकण उघडलं.

तळाशी चिमूटभर साखर होती.